दारू सोडणाऱ्यांची सभा : ती कोठे शोधावी, तिथे काय होते



या अंकात मी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाबद्दल लिहिणार होतो. तो मजकूर तयार आहे, पुढील अंकात देऊ. पाचट काही पळून जात नाही. यावेळी घेतलेला विषय माझ्या खात्याचा नाही हे मला कबूल आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खत, पाणी एवढे पाहावे, सभासदाच्या घरात डोकावू नये, असेही काहीजण म्हणतील. पण गेली वीस वर्षे गटागटांतून मोटारसायकल फिरवताना एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली. एखाद्या प्लॉटला पाण्याची पाळी चुकते, लागवडीला द्यायचे खत तसेच घरात पडून राहते, आणि चौकशी करावी तर मोटार नादुरुस्त नसते, माणूस नादुरुस्त असतो. अशा ठिकाणी माती परीक्षणाचा अहवाल घेऊन काय करणार?

मागच्या हंगामातील गोष्ट. तोडणी जोरात चालू होती. एक भगिनी गट ऑफिसात आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन बाकावर बसून राहिल्या. गर्दी ओसरल्यावर हळूच म्हणाल्या, “साहेब, या खेपेचं बिल यायच्या हाती देऊ नका.” मी त्यांना नियम सांगितला. ऊस ज्याच्या नावावर नोंदलेला, बिल त्याच्याच खात्यात जमा होते. त्यात ना मला बदल करता येतो ना कार्यकारी संचालकांना. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मंग मी कोनाले सांगू?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे त्यात आहे. ते पैसे घरी पोचावेत असे कोठल्याही आदेशात नाही. पुढे सहा-सात महिने त्या घराशी माझा संबंध आला, त्यातून जे कळले ते आज लिहितो. सभासदांची परवानगी घेतली आहे. नाव, गाव, गट लिहिणार नाही, आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी मुद्दाम फिरवल्या आहेत. असे का, ते पुढे येईलच.

आपल्या या सभासदांनी दारू सोडली नव्हती असे नाही. तीन वेळा सोडली होती.

पहिल्यांदा त्यांनी माळ घातली. वऱ्हाडात हा मार्ग जुना आहे, आणि माळेने सुटलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून त्याची थट्टा कोणी करू नये. परंतु यांची माळ तीन महिने टिकली आणि एका लग्नात तुटली. त्यानंतर दारूच्या दुःखात शपथ मोडल्याची लाजही मिसळली, आणि ती लाज विसरण्यासाठी आणखी दारू आली.

दुसऱ्यांदा घरच्यांनी जाहिरात वाचून “रोग्याच्या नकळत दारू सोडवा” अशी पूड मागवली आणि चहातून दिली. याबाबत सर्वांना स्पष्ट सूचना द्यावीशी वाटते. अशा पुड्यांमध्ये काय असते याचा भरवसा नाही. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिरम नावाची गोळी देतात, ती खरी आहे. पण तिचे काम समजून घ्या. दारू पोटात गेल्यावर शरीर तिचे आधी एका विषारी पदार्थात आणि मग त्या विषाचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. ही गोळी दुसरी पायरी अडवते, त्यामुळे विष रक्तात साठते. तोंड लाल होते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय अशक्त असले तर माणूस दगावू शकतो. म्हणून गोळी घेणाऱ्याला ती ठाऊक असली पाहिजे आणि तिच्यावर पिऊ नये हे त्याला बजावलेले असले पाहिजे. चोरून देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आपल्या सभासदांना नुसत्या उलट्यांवर निभावले, हे नशीब.

तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच ठरवले, आजपासून बंद. आणि ही वेळ सर्वांत धोक्याची ठरली. ते सकाळी उठल्याबरोबर घेणारे होते. पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम सुटला, झोप नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, अंगावरून त्या झटकू लागले, मेलेल्या भावाशी बोलू लागले. शेजाऱ्यांनी बाहेरची बाधा ठरवली आणि लिंबू-नारळाची तयारी झाली. एका शिकलेल्या पुतण्याने रात्रीच जीप करून दवाखान्यात नेले म्हणून ते आज आहेत.

ही बाधा नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय जडलेली असते. ती एकाएकी तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असा भ्रम होऊ शकतो. उपचार न झाल्यास त्यात मृत्यू येतो. तेव्हा ज्याला सकाळी उठल्याउठल्या लागते, न घेतल्यास ज्याचे हात थरथरतात, त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ-दहा दिवसांत औषधे कमी करत हे नीट पार पडते. आणखी एक बारकावा तिथल्या डॉक्टरांनी सांगितला. अशा रोग्याला बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आधी आणि ग्लुकोजचे सलाईन मागाहून द्यायचे असते. उलट झाले तर मेंदूला इजा होऊ शकते. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की आधी सलाईन लावून घेण्याची घाई असते, म्हणून हे लिहून ठेवतो.

नऊ दिवसांनी त्यांना घरी सोडले तेव्हा घरच्यांनी पेढे वाटायचे ठरवले होते. डॉक्टर म्हणाले, पेढे थांबवा, माझे काम सोपे होते, पुढचे अवघड आहे. मला लगेच पटले. ऊस तोडला म्हणजे संपला असे आपण कोणी समजतो काय? बुडखा जमिनीत असतो, एक पाणी मिळाले की फुटवे येतात. दवाखान्यात तोडणी होते. खोडवा फुटू नये यासाठी काय करायचे, असे मी विचारले. त्यांनी चिठ्ठीवर एक वार, एक वेळ आणि एक फोन नंबर लिहून दिला, आणि म्हणाले, सभेला जा.

या सभेचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस दारूपायी पार धुळीस मिळाला होता. १९३५ च्या मे महिन्यात, सोडून पाच-सहा महिने झाले असताना, तो धंद्यासाठी ॲक्रन नावाच्या परगावी गेला. धंदा फसला. हॉटेलात एकटा, समोर दारूचे दुकान. त्यावेळी त्याच्या ध्यानात आले की आपल्याला उपदेशक नको आहे, आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला हवा आहे. फोनाफोनी करून त्याला बॉब स्मिथ हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर भेटले. तेही असेच पिणारे. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटे देतो. दोघे सहा तास बोलत बसले. त्याच साली १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संस्थेचा स्थापनादिन मानतात. ॲनॉनिमस म्हणजे निनावी. बोलताना सगळे ‘एए’ म्हणतात. आपल्या देशात १९५७ पासून दिल्ली-मुंबईकडे तिच्या सभा सुरू झाल्या. आज मराठीतून चालणाऱ्या सभाही आहेत, पुस्तकेही मराठीत मिळतात.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे नाव निघाले की पुण्याच्या मुक्तांगणची आठवण होते. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा त्याला हातभार होता. तिथे राहून उपचार घेता येतात, आणि बाहेर पडल्यावर पाठपुराव्याच्या सभांना यावे असा त्यांचाही आग्रह असतो. म्हणजे वाट कोणतीही धरा, शेवटी चार माणसांत येऊन बसणे आलेच.

आता प्रत्यक्ष सभेविषयी. पहिल्या दिवशी सभासद एकटे जायला तयार नव्हते. “तिथं कोनी वळखीचं भेटलं तं?” हीच मोठी भीती. मी म्हटले, भेटला तर तोही त्याच कामाला आलेला असेल. तरी पाय उचलेना, तेव्हा मी सोबत गेलो. सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभेत फक्त दारू सोडू इच्छिणाराच बसू शकतो. खुल्या सभेत घरचे, मित्र, माझ्यासारखा बाहेरचा, कोणीही बसू शकतो. आम्ही फोनवर विचारून खुल्या सभेचा दिवस धरला होता. एस.टी. उशिरा निघाली आणि आम्ही वीस मिनिटे उशिरा पोचलो. कोणी मागे वळूनही पाहिले नाही. एकाने सरकून जागा दिली.

जागा म्हणाल तर शाळेची खोली. लहान मुलांचे बाक, गुडघे मावत नव्हते. कोण कोण होते हे मी लिहिणार नाही, कारण तिथे पाहिलेले-ऐकलेले तिथेच ठेवायचे असते, आणि त्या अटीवरच मला बसू दिले होते. एवढेच सांगतो की सातबारावाले होते, पगारवाले होते, हातावर पोट असलेलेही होते. सुरुवातीला एकाने बारा पायऱ्या वाचून दाखवल्या. दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करणे ही पहिली पायरी. पुढे आपल्या चुकांचा हिशेब मांडणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची शक्य तेथे भरपाई करणे, आणि शेवटी दुसऱ्या दारुड्याला हात देणे, असा तो जिना आहे. मग एकेकजण उठला, आपले नुसते पहिले नाव सांगितले, “मी मद्यपी आहे” म्हणाला आणि स्वतःची हकीकत सांगितली. कोणी कोणाला मध्ये तोडले नाही. कोणी सल्ला दिला नाही. ज्याला बोलायचे नाही त्याने “मी आज ऐकतो” म्हणावे, बस. तास-दीड तासाने एक छोटी प्रार्थना झाली आणि चहा आला.

आपले सभासद त्या दिवशी फक्त नाव बोलले. परतीच्या गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, तो दुसरा बोलला ना, मले वाटलं तो मायीच गोष्ट सांगून रायला. अन् कोनी शिवी नाई दिली, उपदेश बी नाई केला. पह्यल्यांदा असं झालं.” “मी मद्यपी आहे” हे तीन शब्द ते चौथ्या सभेत बोलले. घरी येऊन त्यांनी ते बायकोला सांगितले तेव्हा ती रडली, असे त्यांनीच मला सांगितले.

शेवटी एक पिशवी फिरली. खोलीचे भाडे आणि चहा यासाठी ज्याला जे जमेल ते. मीही दहाची नोट टाकली, तर एकाने हसत परत केली. बाहेरच्याचे पैसे घेत नाहीत. कारखान्याच्या धर्मादाय निधीतून काही मदत मिळवून देऊ काय, असे मी विचारले. तेही नको म्हणाले. प्रवेश फी नाही, वर्गणी नाही, हजेरीपट नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. सहकारात माझी इतकी वर्षे गेली, पण भागभांडवल नाही, निवडणूक नाही, पॅनेल नाही, तरी वेळेवर सभा भरते अशी संस्था मी पहिल्यांदाच पाहिली. आपल्या वार्षिक सभेला गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबावे लागते हे आठवून मला जरा लाज वाटली.

निनावी राहण्याचा नियम लाजेसाठी आहे तसा तो जपणुकीसाठीही आहे. वर्तमानपत्रात, भाषणात ‘मी एएचा सभासद’ असे नाव-फोटोसह तिथले कोणी सांगत नाहीत. एखाद्याचा गाजावाजा झाला आणि उद्या तो घसरला तर त्याच्याबरोबर सभेचीही नाचक्की होईल. म्हणूनच वर मी नाव फिरवले.

शपथ आणि सभा यांतला फरक मला असा दिसला. शपथ जन्मभराची असते, आणि जन्म फार लांब असतो. तिथे मात्र जन्माची भाषाच नाही. आज प्यायची नाही, एवढेच. उद्याचे उद्या. पीककर्ज सगळे एकदम फेडायचे म्हटले की छाती दडपते, आजचा हप्ता म्हटला की जमते, तसे आहे ते. शिवाय प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस सोबतीला मिळतो. त्याला ते स्पॉन्सर म्हणतात. दिवेलागणीच्या वेळी हात-पाय ओढू लागले की अड्ड्याकडे न जाता त्याला फोन करायचा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळा सांभाळा, असे ते जुने लोक सांगतात. आपले सभासद आता शेतातून येताना खिशात गूळ-फुटाणे ठेवतात. साधी गोष्ट आहे, पण पोट भरलेले असले की तलफ कमी होते असा त्यांचा अनुभव आहे.

कोणी विचारील, हे ख्रिश्चनांचे आहे काय? पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, मात्र ज्याला जसा समजेल तसा देव, असे तिथे स्पष्ट म्हटलेले आहे. आणि एकत्र बसायचे कसे, हे तर वऱ्हाडाला शिकवायला नको. यावलीला जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव सामुदायिक प्रार्थना नेली. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले. तेव्हा १८८४ च्या सुमारास सखुबाई आठ वर्षांच्या डेबूला घेऊन शेणगाव सोडून मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आल्या. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता बाबांनी गोड जेवण घातले. ज्याने बापाचे हाल डोळ्यांनी पाहिले तो बोलतो तेव्हा त्याला वेगळे वजन असते. सभेतही तेच आहे, फक्त तिथे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच दुखण्याचे असतात.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय, असेही मला एका संचालकांनी विचारले. रास्त प्रश्न आहे. बेण्याची नवी जात आपणही प्रात्यक्षिकाशिवाय लावत नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने साडेदहा हजारांवर रुग्णांच्या २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, एएकडे पद्धतशीरपणे वळवण्याचा उपचार इतर नावाजलेल्या मानसोपचारांच्या तोडीचा आणि काही बाबतींत सरस ठरला. तरीही सर्वांनाच लागू पडतो असे नाही. काहीजण दोन सभांनंतर येत नाहीत. काहींना चार माणसांत बोलणे जमतच नाही. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे एकट्याने जावे, औषधे घ्यावीत. सभा आणि औषध यांत भांडण नाही. सभेला जातो म्हणून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करणे चूक आहे.

घरच्या बायकांसाठी वेगळी सभा असते, हे मला माहीत नव्हते. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये ‘अल-ॲनॉन’ सुरू केले. मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. नवऱ्याची दारू सुटो वा न सुटो, बाईने आपली तब्येत, आपली झोप, मुलांची शाळा कशी सांभाळावी यावर तिथे बोलणे होते. त्याची उधारी आपण फेडायची नाही, त्याच्यासाठी खोटे बोलायचे नाही, बाटली लपवत बसायचे नाही, हे ऐकायला कठोर वाटते. त्या भगिनी मला म्हणाल्या की त्यांनी सात वर्षे हेच केले होते, आणि ते काम सोडल्यावर पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. मात्र घरात मारहाण होत असेल तर सभेची वाट पाहू नये. १८१ या महिला मदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करावा. आणि पिणाऱ्या बायकाही आहेत. त्यांची लाज पुरुषांपेक्षा दुप्पट असते, पण त्यांनाही सभेचे दार उघडे आहे.

आता शोधायचे कसे. सभांचे वार आणि जागा बदलत राहतात, म्हणून मी येथे पत्ता छापत नाही. चुकीचा पत्ता धरून कोणी एकदा कुलूप पाहून परतला तर तो पुन्हा जाणार नाही. केंद्र शासनाचा व्यसनमुक्तीसाठीचा क्रमांक १४४४६ हा आहे, फोन फुकट आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येते. अमरावतीकडच्यांनी इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात, आणि अकोल्याकडच्यांनी सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग कोठे ते विचारावे. सोडवायचे कसे आणि जवळची सभा कोणती, दोन्ही तिथेच विचारता येईल. एएचे भारतातील मध्यवर्ती कार्यालय मुंबईला आहे, तेथूनही ठिकाणे समजतात. पण माझा अनुभव विचाराल तर सर्वांत चांगला मार्ग म्हणजे गावात ज्याची सुटलेली आहे त्याला गाठणे. असा माणूस जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात असतो, आणि विचारले तर तो रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते.

फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : सभा खुली की बंद, मराठीत की हिंदीत, आणि परतीच्या गाडीच्या आत संपते काय. तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण आपल्या सभासदांची दुसरी सभा केवळ शेवटची एस.टी. हुकण्याच्या भीतीने बुडाली होती. शहरात पहिले तीन महिने रोज सभेला जा म्हणतात. खेड्यातून ते शक्य नाही. आठवड्याला एक सभा आणि मधल्या दिवसांत फोन, असे बसवावे. २०२० च्या करोनाच्या वर्षापासून मोबाईलवरही सभा होऊ लागल्या आहेत. आणि अगदीच दूर असेल तर दोघे-तिघे मिळून गावातच बसायला त्यांच्या नियमाप्रमाणे हरकत नाही. दोघे मद्यपी एकत्र बसले की सभा झाली.

दोन गोष्टी आपल्या घरच्या आहेत, त्या बोलल्याशिवाय राहवत नाही. मळीचा कारखाना आपलाच असताना हा लेख शोभेल काय, असे मला एकाने सुचवले. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते, आणि तिच्यापासून मद्यार्क होतो हे खरेच आहे. तो इंधनात जातो, औषधांत जातो, रसायनांत जातो, आणि बाटलीतही जातो. उसाचा हिशेब ठेवणाऱ्याने हाही ठेवायला हवा, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट टोळीच्या पार्टीची. फड लवकर धरावा, मोळ्या नीट बांधाव्यात, गाडी अडू नये म्हणून सभासद टोळीला नि ड्रायव्हरला बाटली देतात. आम्ही शेतकी खात्याचे लोक हे पाहतो आणि न पाहिल्यासारखे करतो. आपल्याच शेतात, आपल्याच पैशाने आणलेली बाटली फिरत असताना नुकती सोडलेल्या माणसाने काय करावे? आपले सभासद आधीच एकदा घसरले होते, पोळ्याच्या कराला. दोन दिवस सापडले नाहीत. पुढच्या आठवड्यात खाली मान घालून सभेला गेले. तिथे कोणी काही विचारले नाही, नुसते “बरं झालं आलात” म्हणाले, आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले.

म्हणून यंदा त्यांच्या तोडणीची मला धास्ती होती. पाळी आली ती नेमकी सभेच्या वारी. त्यांनी सकाळी चिटबॉयला सांगून ठेवले की चार वाजता मी निघणार, गाडी भरायला पुतण्या थांबेल. टोळीला त्यांनी आलुबोंडे आणि दोन किलो जिलबी आणली. मुकादम थोडा फुगला. पोरांनी मात्र जिलबी संपवली, नि ऊस ठरल्या वेळेत तुटला. चार वाजता ते रस्त्यावर येऊन एस.टी.ला हात दाखवत उभे होते. मी गाडीवरून जाताना विचारले, सोडून देऊ काय? “नको साहेब,” म्हणाले, “जाईन मी.”

बिल नियमाप्रमाणे त्यांच्याच खात्यात जमा झाले. पाचटाचा लेख पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी